आधी कानांनी वाचलेलं शास्त्र

प्रश्न थोडक्यात असा आहे: "चौथ्या शतकात धर्माधिकाऱ्यांनी बैठक घेऊन बायबलमधली पुस्तकं निवडली आणि बाकीची दडपली, असं सगळीकडे ऐकतो. मग या यादीवर भरवसा का ठेवायचा? यादीबाहेरचं जुनं ख्रिस्ती लेखन वाचावं का? आणि रोजच्या श्रद्धेत शास्त्र नेमकं वापरायचं कसं?"

हे खरं तर तीन प्रश्न आहेत. पंचवीसेक वर्षं मी होतकरू पाळकांना आणि मंडळीतल्या साध्या माणसांना आरंभीच्या मंडळीचा इतिहास शिकवतोय. दरवर्षी हे तिन्ही प्रश्न याच क्रमानं येतात. पहिला विचारताना आवाज जरा चढलेला असतो आणि तिसऱ्यापर्यंत तो खाली येतो. माझ्या मते तिन्हींची किल्ली एकच आहे. सुरुवातीच्या ख्रिस्ती माणसासाठी शास्त्र ही वाचायची नव्हे, ऐकायची गोष्ट होती. एवढं डोक्यात पक्कं बसलं की बराच गुंता आपोआप सुटतो.

बैठकीचं आधी निकालात काढू. ज्या निकियाच्या परिषदेचं नाव घेतलं जातं ती इ.स. ३२५ ला भरली. तिथे वाद झाला तो आरियसच्या शिकवणुकीवर, म्हणजे येशू पित्याच्या बरोबरीचा देव नाही या मतावर. पुनरुत्थानाचा सण कधी पाळायचा हे ठरलं, २० नियम झाले. त्या विसांत पुस्तकांच्या यादीबद्दल एक ओळ नाही. पुढे इ.स. ३९७ ला उत्तर आफ्रिकेत कार्थेजच्या परिषदेत यादी नोंदवली गेली, हे खरं. पण तिथले शब्द बघा. ही पुस्तकं मंडळीत वाचण्यासाठी आम्हाला पूर्वजांकडून मिळाली आहेत, असं ते म्हणतात. 'आम्ही निवडली' असं म्हणत नाहीत. आणि लगेच पुढे, हुतात्म्यांच्या स्मरणदिनी त्यांच्या साक्षीची हकीकत वाचायलाही मुभा देतात. म्हणजे मुद्दा सगळा उपासनेत मोठ्यानं काय वाचायचं, याचाच.

आता मागून सुरुवात करू. येशूच्या मृत्यूनंतर वीस वर्षं नव्या करारातली एक ओळही बहुधा लिहिलेली नव्हती. त्यातलं सगळ्यात जुनं लेखन म्हणजे थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, इ.स. ५० च्या आसपासचं. तोवर, आणि त्यानंतरही बराच काळ, 'शास्त्र' म्हटलं की मोशेचं नियमशास्त्र, संदेष्टे आणि स्तोत्रं, तीही बहुतेकांकडे ग्रीक भाषांतरात. त्या पहिल्या पत्राच्या शेवटी ते लिहिणारा प्रेषित पौल जवळजवळ शपथ घालून सांगतो, की हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा. कलस्सैकरांना तर तो सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाला पाठवा आणि तिकडचं तुम्ही वाचा. पत्र आलं, एकानं उभं राहून वाचलं, इतरांनी ऐकलं, कुणीतरी नक्कल उतरवून घेतली, पुढच्या गावाला धाडली. नव्या कराराच्या यादीची सुरुवात ही अशी आहे.

त्या काळी एकटा माणूससुद्धा बहुधा मोठ्यानंच वाचत असे. प्रेषितांच्या कृत्यांत कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचतोय, तर बाजूनं धावणाऱ्या फिलिप्पाला तो ऐकू येतो. आणि 'समजतंय का?' असं विचारल्यावर तो अधिकारी म्हणतो की कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार. बहुसंख्य लोकांना अक्षरओळखच नव्हती. दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा हिरापुलीचा बिशप पपियास तर सरळ सांगतो की पुस्तकांपेक्षा जिवंत, टिकून राहणाऱ्या आवाजाचा मला जास्त उपयोग झाला. आपल्याकडे ज्यानं पोथी लागलेली ऐकली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन हुतात्मा बादशहाला अर्ज लिहितो आणि त्यात रविवारची उपासना कशी चालते ते सांगतो. शहरातले आणि खेड्यांतले सगळे एकत्र जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितका वेळ वाचले जातात. मग अध्यक्ष उठून, ऐकलेल्या चांगल्या गोष्टी आचरणात आणा असा बोध करतो. मग प्रार्थना, भाकर, द्राक्षारस, आणि शेवटी ऐपतदार लोक देणगी देतात ती अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परगावचे पाहुणे यांच्यासाठी. 'प्रेषितांच्या आठवणी' म्हणजे आपली शुभवर्तमानं. ती संदेष्ट्यांच्या बरोबरीनं वाचली जाताहेत. निकियाच्या पावणेदोनशे वर्षं आधी.

माझी सगळ्यात आवडती नोंद मात्र एका पेटीची आहे. १७ जुलै १८०, कार्थेज. स्किली गावची बारा ख्रिस्ती माणसं रोमन राज्यपालासमोर उभी आहेत. राज्यपाल सातुर्निनुस त्यांच्यातल्या स्पेरातुसला विचारतो, तुमच्या पेटीत काय आहे? तो म्हणतो, पुस्तकं, आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रं. विचार करायला तीस दिवसांची मुदत मिळत होती, ती त्यांनी नाकारली. बाराही जणांचा शिरच्छेद झाला. साध्या गावच्या लोकांनी मरणाच्या चौकशीला जाताना बरोबर काय घेतलं होतं, ते या दोन वाक्यांत कळतं.

दुसरी नोंद जरा लांबून सांगतो. ती वर्गात वाचली की नेहमी शांतता पसरते. इ.स. ३०३ ला रोमन बादशहा डायोक्लेशियननं ख्रिस्ती ग्रंथ जाळायचा हुकूम काढला. १९ मे रोजी सिर्ता इथल्या, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या कॉन्स्टंटीन शहरातल्या मंडळीच्या घरावर झडती आली. कारकुनानं केलेला पंचनामा टिकून राहिलाय. सोन्याचे दोन प्याले, चांदीचे सहा प्याले, दिवे, आणि मग कपडे: बायकांचे अंगरखे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांच्या पादत्राणांचे १३ जोड, बायकांचे ४७. हे सगळं बहुधा गोरगरिबांसाठी साठवलेलं. ग्रंथांची कपाटं मात्र रिकामी. एक भला मोठा ग्रंथ तेवढा बाहेर येतो. बाकीचे कुठे? उत्तर येतं, वाचकांकडे. हे 'वाचक' म्हणजे उपासनेत शास्त्र वाचण्याचं पद असलेली माणसं. त्यांची घरं दाखवा म्हटल्यावर दोघं उपसेवक म्हणतात, आम्ही फितूर नाही, मारायचं तर मारा. त्यांना अटक होते आणि दुसरे कुणीतरी घरं दाखवतात. फेलिक्सकडे पाच ग्रंथ निघाले, व्हिक्टोरिनुसकडे आठ, प्रोजेक्टुसकडे पाच मोठे आणि दोन छोटे, व्याकरण शिकवणाऱ्या व्हिक्टरकडे दोन ग्रंथ आणि चार सुट्या वह्या. कोद्देओ घरी नव्हता, त्याच्या बायकोनं सहा आणून दिले.

ग्रंथ देऊन टाकणाऱ्यांना लॅटिनमध्ये 'त्रादितोरेस' म्हणत, म्हणजे सोपवून देणारे. या शब्दावरून आफ्रिकेतली मंडळी पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ दुभंगलेली राहिली. कार्थेजच्या बिशपनं तर शक्कल लढवली. खरे ग्रंथ लपवले आणि पाखंडी मतांची पुस्तकं चर्चमध्ये ठेवून दिली. शिपाई ती घेऊन गेले. गंमत वाटते खरी, पण त्यातला अर्थ नीट बघा. कोणतं पुस्तक द्यायचं नाही आणि कोणतं गेलं तरी चालेल, हे माणसांना यादी छापून येण्याआधीच ठाऊक होतं. ज्यासाठी जीव द्यायचा ते पुस्तक माणूस आधी मनात ठरवून बसलेला असतो.

याचा अर्थ कडा आखीव होत्या असा नाही. इ.स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीनं मार्सियनला बाहेर काढलं. त्यानं जुना करार पूर्ण टाकला होता आणि लूकचं काटछाट केलेलं शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रं एवढंच ठेवलं होतं. आपल्याकडे काय आहे याचा हिशेब करायला त्यानं इतरांना भाग पाडलं. इ.स. २०० च्या आसपास अंत्युखियाचा बिशप सेरापियन रोस्सुस गावी गेला. तिथे पेत्राच्या नावाचं शुभवर्तमान वाचण्यावरून कुरबुर चालू होती. यानं न वाचताच 'वाचा' म्हणून सांगून टाकलं. नंतर प्रत मागवून वाचली आणि मग पत्र लिहिलं, की बरंचसं ठीक आहे, पण काही भर घातलेली आहे, थांबा. न वाचता परवानगी देणारा आणि मग चूक मान्य करून वाचणारा हा बिशप मला फार जवळचा वाटतो. आमच्यातल्या पुष्कळांची पहिली पायरीच तेवढी होते.

'दडपली' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. रोमच्या क्लेमेंटनं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पत्र सत्तरेक वर्षांनीही तिथे रविवारी वाचलं जात होतं. ते नव्या करारात नाही. 'हर्मासचा मेंढपाळ' हे आणखी एक जुनं ख्रिस्ती पुस्तक चौथ्या शतकातल्या सिनाईच्या हस्तलिखितात नव्या कराराला जोडूनच आहे. उलट इब्री लोकांस पत्राबद्दल पश्चिमेकडे, तर प्रकटीकरणाबद्दल पूर्वेकडे लोक बिचकत होते. ग्रीक ऑर्थोडॉक्स उपासनेच्या वाचनक्रमात प्रकटीकरण आजही नाही. सुरियानी भाषेतल्या जुन्या पेशित्ता बायबलात नव्या करारातली २२ च पुस्तकं होती आणि केरळातल्या सुरियानी ख्रिस्ती लोकांचं शास्त्र म्हणजे हीच परंपरा. आज आपल्या हातात असलेली २७ पुस्तकांची यादी, बरोबर तेवढीच, पहिल्यांदा दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या इ.स. ३६७ च्या सणाच्या पत्रात. तोही 'बारा प्रेषितांची शिकवण' आणि 'मेंढपाळ' यांना जाळा म्हणत नाही, नव्यानं शिकणाऱ्यांनी वाचावीत म्हणतो. त्याच पत्रात तो प्रेषितांच्या नावावर खपवलेल्या पुस्तकांवर मात्र तुटून पडतो, हेही सांगायला हवं.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर, वाचा. 'शिकवण'पासूनच सुरुवात करा. हे पुस्तक शतकानुशतकं नुसतं नावानं माहीत होतं. १८७३ ला कॉन्स्टँटिनोपलमध्ये फिलोथिओस ब्रायेनियोस यांना १०५६ साली उतरवलेल्या एका हस्तलिखितात ते सापडलं. १६ छोटी प्रकरणं, अर्ध्या तासाचं वाचन. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्या, नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार जमत नसेल तर कोमट, तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. उपास बुधवारी आणि शुक्रवारी. प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा. आणि फिरत्या उपदेशकांबद्दलचे नियम तर आजही मंडळीच्या दारावर लावावेत असे: आलेला प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दुसराही, तिसऱ्या दिवशी राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी, पैसे मागितले तर तोही खोटा. आत्म्याच्या प्रेरणेनं जेवणाची पंगत मांडायला सांगितली आणि स्वतःच जेवायला बसला, तर तोही. ज्यानं हे लिहिलं त्याला बरेच पाहुणे पोसावे लागले असणार.

थोमाच्या नावाचं शुभवर्तमानही वाचा. १९४५ ला इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या ग्रंथांत त्याची पूर्ण प्रत आहे, ११४ वचनांची. चर्चनं स्त्रियांच्या बाजूचं शुभवर्तमान लपवलं, या समजुतीनं कुणी आलं की मी त्याला शेवटचं, ११४ वं वचन काढायला सांगतो. तिथे पेत्र म्हणतो मरियेला घालवून द्या, बायका जीवनाला पात्र नाहीत, आणि येशूचं उत्तर येतं की मी तिला पुरुष करीन. बहुतेक जण पुस्तक मिटून चहा मागतात.

आता तिसरा प्रश्न, आणि खरं काम इथे आहे.

आपल्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाच्या चिठ्ठ्या काढायची पद्धत पुष्कळ मंडळ्यांत आहे. मीही काढतो, त्याबद्दल तक्रार नाही. एका वर्षी वर्गातल्या एका मुलाच्या हाती यिर्मयाचं २९:११ आलं, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, ते वचन. त्यानं ते मोबाइलच्या पडद्यावर लावलं, नोकरीच्या मुलाखतीला गेला, नोकरी मिळाली नाही आणि तो देवावरच रुसला. मी त्याला फक्त आधीचं, दहावं वचन वाचायला लावलं. तिथे लिहिलंय की बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर. ते पत्र परमुलखात धरून नेलेल्या लोकांना आहे आणि त्यात सांगितलंय की घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, कारण ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण तिथेच मरणार आहेत. मग मागचा अध्याय काढला. त्यात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा आहे, तो सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मया त्याला खोटा ठरवतो. मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी चिठ्ठी यिर्मयाची काढली आणि वाचली हनन्याची." त्यानंतर मी ही गोष्ट शिकवताना त्याचंच वाक्य वापरतो.

हा दोष जुनाच आहे. इ.स. १८० च्या सुमारास लिओंचा बिशप इरेनियस त्यावर दृष्टांत देतो. कारागिरानं मौल्यवान खडे जडवून राजाचं चित्र केलंय. कुणीतरी तेच खडे उचकटून पुन्हा मांडतो आणि कोल्हा बनवतो, तोही ओबडधोबड. मग लोकांना म्हणतो, हाच तो राजा, बघा, खडे तेच आहेत ना? खडे खरेच असतात, म्हणून माणूस फसतो. यावर इरेनियसचा उपाय साधा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी जो विश्वासाचा नियम तुला मिळाला, एक देव निर्माणकर्ता, त्याचा पुत्र येशू, पवित्र आत्मा, त्यावरून राजाचा चेहरा तुला ठाऊक आहे, त्या चेहऱ्याशी ताडून बघ. काही जण म्हणतील की ही पळवाट झाली, आधी निष्कर्ष आणि मग वाचन. आक्षेप अगदीच खोटा नाही. पण कोऱ्या मनानं कुणी वाचत नाही. निदान आपण कोणता चेहरा मनात धरून वाचतोय ते उघड सांगितलेलं बरं.

तिसऱ्या शतकातला शास्त्राचा भाष्यकार ओरिगेन यानं एका यहुदी शिक्षकाकडून ऐकलेली उपमा मी शिकवण्यात सर्वात जास्त वापरली आहे. शास्त्र म्हणजे पुष्कळ कुलूपबंद खोल्यांचं घर. प्रत्येक दारापाशी किल्ली ठेवलेली आहे, पण ती त्या दाराची नाही. कुठल्या किल्लीनं कुठलं दार उघडतं हे शोधत फिरणं, हेच मोठं काम. वर यिर्मयाचं दार उघडलं ते शेजारच्याच अध्यायातल्या किल्लीनं. कधी किल्ली फार लांब सापडते. म्हणून एकेक वचन वेचण्यापेक्षा सबंध पुस्तक ऐका. मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत मोठ्यानं वाचायला दीड-दोन तास पुरतात. चौघांनी आळीपाळीनं वाचा, मध्ये थांबून चर्चा करू नका. वीस वर्षं बायबल वाचलेली माणसं त्या संध्याकाळी म्हणतात, 'लगेच' हा शब्द इतक्यांदा आहे हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

आणि चुकीचा अर्थ लावला तर? उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन म्हणतो, ज्या अर्थानं देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो लावणाऱ्याला शास्त्र अजून समजलेलंच नाही. लेखकाच्या मनात नसलेला, पण प्रीती वाढवणारा अर्थ कुणी काढला, तर तो वाट सोडून शेतातून चाललेल्या माणसासारखा, पोचतो तिथेच. तरीही त्याला वाटेवर आणा, कारण आडवाटेची सवय लागली की एक दिवस तो भलतीकडेच जाईल. हा दुसरा भाग सांगायला लोक विसरतात.

याच ऑगस्टीननं इ.स. ४०३ ला, बायबलचं नवं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमला एक किस्सा कळवला. ओया, म्हणजे आजच्या त्रिपोलीत, बिशपनं योनाचं पुस्तक जेरोमच्या नव्या भाषांतरातून वाचायला लावलं. योनावर सावली धरणारी वनस्पती लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भोपळा म्हणून ऐकलेली. जेरोमनं तिला आयव्हीची वेल केलं. केवढा गदारोळ! बिशपला यहुद्यांना विचारावं लागलं, आणि मंडळी सोडून जाईल या भीतीनं शब्द मागे घ्यावा लागला. मूळ इब्री शब्दाचा अर्थ बहुधा एरंड, म्हणजे दोन्ही बाजू चुकल्या. पण कानाला एक शब्द बदललेला कळतो, अशी ती मंडळी होती. आपल्याकडे १८११ च्या श्रीरामपूरच्या नव्या करारापासून मराठी भाषांतरं होत आली. पंडिता रमाबाईंनी खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणून आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत केडगावला बसून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत बायबल उतरवलं. तरी व्यासपीठावर नवं भाषांतर ठेवलं की पुढच्या बाकावरचे आजोबा मान वर करतातच. मी त्यांच्यावर चिडत नाही. त्यांना ते तोंडपाठ असतं म्हणूनच तर खटकतं.

राहता राहिलं, यादीबाहेरचं लेखन उपासनेत वाचावं का. मुरातोरीच्या यादीत, म्हणजे नव्या करारातल्या पुस्तकांच्या एका जुन्या यादीत, 'मेंढपाळा'बद्दल म्हटलंय तेच मी पाळतो: वाचा जरूर, पण मंडळीसमोर शास्त्र म्हणून नको. अभ्यासवर्गात सगळं, शास्त्रपाठाला फक्त शास्त्र. अपवाद एकदा केला. प्रभुभोजनाच्या वेळी 'शिकवण'मधली प्रार्थना म्हटली, डोंगरांवर विखुरलेलं धान्य गोळा होऊन जशी ही एक भाकर झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून एकत्र येवो. ही शास्त्रातली नाही, हेही सांगितलं होतं. तरी उपासना संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ बायबल उघडून बसले होते. यहूदाच्या पत्रापर्यंत आले होते, सापडत नव्हती. मी शेजारी बसून ती त्यांना कागदावर लिहून दिली. तो कागद त्यांनी बायबलच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत ठेवला, शेवटच्या पानानंतर.